समुद्राकाठची वखार

अनगोळ, बेळगाव
१० नोव्हेंबर २०२४

आक्का, जयभीम.

अक्षरावरून ओळखलं असशीलच. पत्र फाडू नको, पहिलं पान तरी वाच. तू फोन घेत नाहीस. तुझी नात करिष्मा उचलते आणि "आजी झोपलीया, आजोबा" म्हणते. सकाळी आठला तू झोपलेली, दुपारी बाराला झोपलेली, संध्याकाळी सहालाही झोपलेली. एवढं झोपणारी तू कधी नव्हतीस. तंबाखू कामगार बायकांच्या संघटनेच्या शाळेत तू वाचायला शिकलीस हे मला ठाऊक आहे, तेव्हा "मला वाचाय येत न्हाय" ही सबब चालायची नाही.

बातमी अशी आहे की दीपंकरनं घर घेतलं. बेळगावात नाही, समुद्राकाठी! वेंगुर्ल्याच्या अलीकडं. आंबोलीचा घाट उतरून गेलं की अर्ध्या दिवसाच्या आत पोचतो. साठ वर्षांचं जुनं चिऱ्याचं घर आहे, वर मंगळुरी कौलं. दारातून दगड मारला तर पाण्यात पडतो. मी मारला. पाण्यात पडला नाही, पण जवळ गेला.

घराची दशा वाईट आहे. कौलं सरकलीत, दारं सडलीत, गजांना हात लावला तर लोखंडाचा पापुद्रा हातात येतो. पण पाया आणि भिंती खणखणीत. दीपंकर म्हणाला, "आप्पा, तुम्ही जन्मभर लोकांचं बांधलंत. आता एक आपलं नीट करा." कॉलेजात शिकवणारा पोरगा सातवी पास बापाला म्हणतो, तुम्ही म्हणाल तसं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आनंदानं आणि काळजीनं. बहात्तराव्या वर्षी शिडीवर चढायचं म्हणजे काय, ते तू समजू शकतेस.

आता मुद्द्याचं. त्या घरात एक खोली तुझी आहे. हे माझं म्हणणं नाही, सुनेचं आहे. पारमिता डॉक्टर आहे, उगाच बोलत नाही. ती म्हणाली, "समुद्राची हवा म्हणजे औषध नव्हे. पण आत्यांच्या छातीला तंबाखूची धूळ सोसत नाही, आणि तिथं तंबाखू नाही." निपाणीत माघ-फाल्गुनात काय धूळ उडते हे मला सांगायला नको.

आपण बोललो नाही त्याला एकेचाळीस वर्षं झाली. आईच्या मयताला शेजारी बसलो, बोललो नाही. दीपंकरच्या लग्नात तू जेवलीस, पोराच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि माझ्याकडं न बघता गेलीस. काय झालं होतं ते मी इथं लिहीत नाही. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. घर पुरं झालं की तू यावंस, एवढंच.

कल्लाप्पा

ता.क. तिथं अंगणात सहा माड आहेत. नारळ डोक्यात पडून माणसं मरतात असं मी पेपरात वाचलं होतं. दीपंकर हसतो. तुझ्या खोलीच्या वाटेवरचा माड मी आधी उतरवून घेणार आहे.


समुद्रावरून
२ डिसेंबर २०२४

आक्का, जयभीम.

काम सुरू झालं! तीन आठवडे मी इथंच आहे. पलीकडच्या आळीतल्या बाईकडून भाकरी आणि मासळीचं सार येतं. तुला मासळी आवडायची. मला काट्याची भीती वाटते, म्हणून मी सारच पितो.

इथला सुतार बाबल मेस्त्री. पन्नाशीचा, काटकुळा, कानावर पेन्सिल. काम चोख करतो पण तोंड फार चालवतो. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "आजोबानू, तुमी घाटावरले. थंयचो वारो वेगळो, हंयचो वेगळो." मी म्हटलं, बाबा, मी निपाणीत आणि निपाणीच्या आसपास तंबाखूच्या एकोणीस वखारी बांधल्यात, एकीलाही तडा नाही. तर म्हणतो, "वखारीत माणसां निजतत काय?"

असल्या माणसाशी काय बोलायचं.

या घरात मागच्या लोकांनी नुसती भोकं ठेवली होती. छपराच्या खाली चारही बाजूंनी हातभर फट. भिंतीत वर झरोके, झडप नाही, जाळी नाही. पश्चिमेकडं चार मोठ्या खिडक्या, सरळ समुद्राच्या तोंडावर. जोराचा वारा सुटला की घरातला कागद उडून मागच्या दारानं बाहेर जातो. माझं पंचांग असंच गेलं, विहिरीत सापडलं. पावसाळ्यात काय होत असेल! म्हातारं माणूस अशा घरात राहील कसं?

म्हणून मी सगळं घट्ट करून घेतलं. छपराखालची फट विटांनी बंद केली. झरोके बुजवले. पश्चिमेच्या चार खिडक्यांपैकी तीन काढून भिंत भरली. आतून बाहेरून सिमेंटचा गिलावा, असा गुळगुळीत की गाल घासावा. दारं लोखंडी पत्र्याची, कोपऱ्यात रबर. दार लावलं की समुद्राचा आवाज बंद! मी उघडून लावून चार-पाच वेळा बघितलं. लावलं की गप्प, उघडलं की गर्जना. बाबल बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "घर घामतलां, आजोबानू."

म्हणजे घराला घाम येईल. घराला घाम येतो कधी?

तुझ्या खोलीत पलंग उंच घेतला आहे, पाय टेकवून उठता येईल असा. न्हाणीत धरायला दांडी बसवली. उंबरे सगळे काढले. तू पाय उचलत नाहीस, घासत चालतेस, हे मी लग्नात बघितलं. बोललो नाही तरी बघितलं होतं.

कल्लाप्पा


समुद्रावरून
२० फेब्रुवारी २०२५

आक्का, जयभीम.

झालं! सगळं झालं! मला दम धरवत नाही, म्हणून रंग वाळायच्या आत लिहितो.

बाहेरून फिकट पिवळा रंग, खिडकीला हिरवा. पुढं ओटा. कौलं तांब्याच्या तारेनं बांधून घेतली, ही युक्ती बाबलची, ती मात्र मी मानली. काल दीपंकर, पारमिता आणि पोरं आली. घरात त्रिसरण-पंचशील म्हटलं, खीर केली. पोरं दिवसभर पाण्यात. पारमिता सगळीकडं फिरून म्हणाली, "आप्पा, घर छान झालंय, पण थोडं कोंदट नाही वाटत?" मी म्हटलं, नवा रंग आहे, वास जाईल.

दिवसभर मी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होतो. एक पोस्टमन, दोन मासेवाल्या, पंचायतीचा एक माणूस. मासेवाली म्हणाली, "आजोबा, हे घर की तिजोरी?" मला बरं वाटलं.

मार्चमध्ये निपाणीत तंबाखूची मळणी सुरू व्हायच्या आत तू ये. गाडी दीपंकर पाठवील. करिष्माला शाळेत रजा मिळत नसेल तर मी स्वतः न्यायला येतो. मला दारात घ्यायचं नसेल तर मी स्टँडवर थांबतो.

कल्लाप्पा

ता.क. तिसरं पत्र आहे हे. करिष्मा म्हणते, "आजी वाचती, आणि गादीखाली ठेवती." फाडत नाहीस, हे समजलं.


अनगोळ
२७ जुलै २०२५

आक्का,

जयभीम. हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. दोनदा फाडलं.

तू मार्चमध्ये आली नाहीस हे बरंच झालं. मे महिन्यापासून घर बंद होतं. गेल्या रविवारी आम्ही उघडायला गेलो. कुलपाला तेल घातलं तेव्हा कुठं किल्ली फिरली. दार फुगून बसलं होतं, दीपंकरनं खांदा लावला.

आत पाऊल टाकलं आणि सुनेला ठसका लागला. गादीवर हिरवी बुरशी. माझे चांगले बूट कपाटात ठेवले होते, त्यांना पांढऱ्या मिशा फुटलेल्या. बरणीतल्या मिठाचं पाणी झालेलं. माझा गुळगुळीत गिलावा ताटाएवढ्या पापुद्र्यांनी सुटून खाली पडलेला, आणि आतल्या चिऱ्यातून पाणी पाझरत होतं. नव्या लोखंडी दाराचा खालचा कोपरा बोटानं मोडला. सात महिन्यांचं दार! दीपंकरनं केरसुणी घेतली आणि पडलेला गिलावा लोटायला लागला. तो मला ओरडला असता तर बरं झालं असतं.

बाबल आला. मला वाटलं हा आता हसणार. हसला नाही. भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "वाऱ्याक घरात घेवचो लागता, आजोबानू. तो दुसऱ्या दारान आपसूक भायर जाता. तुमी कोंडल्यात, तो भिंतीत शिरलो." मागच्या लोकांनी ती भोकं अडाणीपणानं ठेवलेली नव्हती. समुद्राच्या घराला ओल येणारच, ती वाळवायला वारा लागतो. चुन्याचा गिलावा ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून धरतं. हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मला नव्हतं. मला एकच बांधकाम येतं. ओल आत राहावी, वाळू नये, असं.

पण मी हे सांगायला पत्र लिहीत नाही.

सगळी बाहेर गेल्यावर मी तुझ्या खोलीत उभा राहिलो. दार लावून घेतलं. नाकाला लुगडं लावून बायका बसायच्या तसं मी उपरण्यानं तोंड धरलं, आणि मला कळलं की मी कुठं उभा आहे. तंबाखूचा वास नव्हता एवढाच फरक. तोच अंधार, तोच दमटपणा, तेच छातीवर बसलेलं ओझं. मी समुद्राकाठी वखार बांधली, आक्का. आणि त्यात तुझा पलंग ठेवला.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की ते मी लिहीत नाही. आता लिहितो.

त्र्याऐंशी साल. तू मोठ्या वखारीत चाळणीवर तंबाखू चाळायला होतीस. तुम्ही सगळ्या मिळून मालकाला सांगितलं होतं, धुरळ्यानं जीव जातो, खिडक्या मोठ्या करा. मालकानं मला बोलावलं. म्हणाला, कल्लाप्पा, आहेत तेवढ्याही बुजव. मार्चचा वारा आत आला की पान वाळतं, चुरा होतो, वजन जातं. आणि हे केलंस की पुढच्या सगळ्या वखारी तुझ्या.

मी शिडीवर होतो. तू खाली येऊन उभी राहिलीस, केसांत, भुवयांवर सगळी तंबाखू. म्हणालीस, "कल्ल्या, एक तरी ठेव रं. लई न्हाय मागत, एक."

मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. मी म्हणालो, "तंबाखू वाळंल, आक्का."

बायका हसल्या. रडण्यासारख्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, "सोनुबाई, तुजा भाऊ हाय व्हय ह्यो?" तू चाळणीकडं वळलीस. तिथून जी गेलीस ती माझ्या घरी आली नाहीस. तुम्ही संप केला तेव्हा मी दुसऱ्या मालकाची वखार बांधत होतो. चारही भिंती घट्ट.

एकोणीस वखारी मी मोजून सांगायचो. त्या घट्ट होत्या म्हणून सांगायचो.

मी माफी मागत नाही. तुझ्या छातीचं जे झालं त्याला ती पुरणार नाही. पण मला कळलं, एवढं कळवतो.

कल्लाप्पा


समुद्रावरून
१६ ऑक्टोबर २०२५

आक्का, जयभीम!

मला आज लिहायला फार हुरूप आहे. हाताला फोड आलेत, तरी लिहितो.

मी पाडतो आहे! दसरा झाल्यावर इथं आलो. दीपंकर म्हणाला, आता गडी लावू. मी म्हटलं, बुजवलेल्या खिडक्या मी पाडणार, बाकीचं गडी करतील. छन्नी-हातोडा बेळगावहून माझाच आणला. पहिला घाव घातला तेव्हा खांदा असा दुखला की वाटलं आता वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात जावं लागणार. तिसऱ्या दिवसापासून दुखणं गेलं, किंवा मीच विसरलो. पहिली वीट निखळून बाहेर पडली आणि भोकातून वारा असा आत आला की धुळीनं माझं तोंड भरलं. मी खोकत खोकत हसत होतो. बाबल ओरडला, "मामानू, आता येता घरात जीव!" आजोबाचा मामा केलाय त्यानं मला, आणि मी त्याचं ऐकतो आता. तो शिरजोर झाला आहे. परवा मला म्हणतो, "तुमका शिकवक माका सा महिने लागले. गाढवाक चार लागतत."

काय काय झालं ते ऐक. सिमेंटचा गिलावा सगळा खरवडून काढला. आत चुन्याचा दिला, गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून, इथल्या एका म्हातारीनं मळून दाखवला. बाहेरून चिरा उघडाच ठेवला. छपराखालची फट पुन्हा मोकळी केली, फक्त पितळी जाळी लावली, पाली-वाघळांसाठी. (पाली तरी येतातच. मला भीती वाटते, बाबलला सांगितलेलं नाही.) लोखंड घरातून हद्दपार. गज फणसाच्या लाकडाचे, बिजागऱ्या पितळी, लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल. पश्चिमेला पडवी दोन हात पुढं वाढवली, म्हणजे पाऊस पडवीत अडतो आणि वारा आत येतो. आणि खिडक्यांना झिलमिली! लाकडाच्या तिरक्या पट्ट्या, एक दांडी ओढली की सगळ्या उघडतात, ढकलली की मिटतात. पाऊस असला तरी हवा चालू. मी दांडी ओढत आणि ढकलत बसतो. बाबल म्हणतो, मोडाल.

तुझ्या खोलीला तीन खिडक्या आहेत. पश्चिमेला दोन, आणि समोरासमोर पूर्वेला एक, कारण आलेला वारा बाहेर जायला पाहिजे. पूर्वेची त्या घरात कधीच नव्हती. ती मी नवी पाडली.

ये म्हणून लिहीत नाही. तयार आहे, एवढं लिहितो.

कल्लाप्पा


समुद्रावरून
९ डिसेंबर २०२५

आक्का,

तू आलीस आणि मी घरी नव्हतो!

मी वेंगुर्ल्याला गेलो होतो, पितळी कड्या आणायला. दुकानदाराशी घासाघीस करत दोन तास घालवले. त्या कड्या समुद्रात फेकाव्यात असं वाटतंय. परत आलो तर बाबल फाटकात उभा. "मामानू, तुमची भयण इली होती. गेली."

मला त्याच्या बोलण्याचा अर्थ लागेना. मी रस्त्याकडं पळालो. तो मागून ओरडतो, "तास झालो जावन!" मग त्याला ओट्यावर बसवून सगळं सुरुवातीपासून दोनदा सांगायला लावलं.

तू काठी टेकत आलीस, सोबत करिष्मा. "मी गवंड्याची बहीण" म्हणालीस. भावाची बहीण नाही म्हणालीस, पण चालेल. बाबलनं सगळं घर दाखवलं. प्रत्येक खिडकीशी तू थांबलीस, झिलमिली ओढून बघितलीस, फटीशी हात धरलास. भिंतीला नखानं खरवडून बघितलंस. बाबल म्हणतो, "पोलीस तपास करतत तसो तपास केल्यान." मग तू तुझ्या खोलीत गेलीस, आणि झोपलीस.

मी आता करिष्माशी फोनवर बोललो. आज तिनं "आजी झोपलीया" म्हटलं नाही. ती म्हणाली, "आजोबा, दोन वर्सं झाली, आजी उशीला टेकून बसूनच झोपती. आडवं झालं की दम लागतो. तिथं आडवी झाली आणि तासभर घोरली. मला भ्या वाटलं, नाकाम्होरं हात धरून बघितलं." पोर शाळेत मास्तरीण आहे, फोनवर रडत होती. मी पण.

मी विचारलं, मग थांबली का नाही? मी येईपर्यंत तरी? ती म्हणाली, "आजी म्हणाली, त्येला बघितलं तर मी बोलायचं इसरून जाईन. निरोप ठेवते."

तो निरोप बाबलनं मला तुझ्या बोलीत पण त्याच्या सुरात दिला: "हितं झ्याक केलंयस. माजं ऱ्हाऊ दे. वखारीत अजून बायका बसत्यात. ये." पुढचं करिष्मानं सांगितलं. मोठी वखार आता मालकाच्या नातवाकडं आहे. तू गेला महिनाभर त्याच्या दारात जाऊन बसत होतीस, सोबत चाळणीवरच्या पोरी. शेवटी तो कबूल झाला, खिडक्या पाडा म्हणाला. त्यानं विचारलं, गवंडी कोण आणायचा? तर तू म्हणालीस, "ज्यानं बुजवल्या त्योच पाडंल."

आक्का, मला बेचाळीस वर्षांत कुणी एवढं मोठं काम दिलं नाही.

मी सोमवारी येतो. बाबल बरोबर येणार आहे. त्याला मी म्हटलं, निपाणीत वारा वेगळा, तर म्हणाला, "बायकांका थंयपण नाक आसता मां?" झिलमिलीचं लाकूड इथूनच आणतो. दीपंकर म्हणतो, आप्पा, शिडीवर तुम्ही चढायचं नाही. मी हो म्हटलं आहे. चढणार आहे.

काळजी एकच. त्या खिडक्या मी फार घट्ट बुजवल्यात. दोन फूट दगड आहे, त्या वेळी मालकाला दाखवायला मी जास्तच मजबूत केलं. एक खिडकी पाडायला चार-पाच दिवस लागतील. मळणीच्या आधी सगळ्या व्हायला पाहिजेत. म्हणून एक कर. मी येईपर्यंत कुठं-कुठं पाडायच्या ते भिंतीवर खडूनं आखून ठेव. बायका जिथं बसतात तिथं, त्यांच्या तोंडाच्या उंचीला. त्यांना विचारून आख. आणि आखताना माझ्या वयाचा विचार करू नको. त्या दिवशी तू एकच मागितली होतीस.

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघतो, कोल्हापूर रस्त्याला गर्दी नसली तर दुपारी पोचेन. तुझ्या घरी यायचं का, ते तू सांगितलं नाहीस, मी विचारत नाही. मी स्टँडवरून सरळ वखारीत येतो.

कल्ल्या